नळीतला पीळ

बसा. जसं सोयीचं असेल तसं.

समोर एक लाकडी बाक आहे. बाकावर जुन्या घडणीची एक रायफल आडवी ठेवली आहे. ठासणीची, तोंडाकडून भरायची. नळी लांब, बाहेरून अष्टकोनी, तपकिरी पडलेली.

हात लावायची घाई नको. नुसतं पाहा.

ही मारण्यासाठी घडवलेली वस्तू आहे. ते विसरून बसायचं नाही. ते ठाऊक असू द्या, आणि ठाऊक असतानाच जवळ बसा.

एक श्वास आत. एक बाहेर.

नळी रिकामी आहे का, हे आधी जाणून घ्यायचं आहे. डोळ्यांनी कळणार नाही, आत काळोख आहे. शिवाय भरलेली असो वा नसो, तिच्या तोंडाशी डोळा नेऊच नये. इथे कानांनी पाहायचं.

नळीचं तोंड वर करा, चेहऱ्यापासून दूर. पोलादी गज तोंडाशी धरा. सोडा.

टण्.

गज तळाच्या लोखंडावर पडला. नळी वाजली. आत काही नाही. बार भरलेला असता तर आवाज बसका आला असता आणि तिथल्या तिथे विरला असता. जुन्या इंग्रजी पलटणींत तपासणीच्या वेळी शिपाई रांगेत उभे राहून गज असे वाजवून दाखवत.

नाद अजून आहे. ऐका.

तो संपेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता गज बाहेर काढा. टोकाला सुती कापडाची चिंधी लावा, तेलाचं बोट फिरवलेली. नळीत शिरताना किंचित अडेल इतकी घट्ट.

तळापर्यंत न्या. थांबा. नळीच्या तोंडापाशी, गजाच्या वरच्या अंगाला, खडूचा एक ठिपका द्या.

आता बाहेर ओढा. अगदी सावकाश. मूठ आवळू नका, बोटांचा नुसता आधार द्या.

हात सैल.

पाहा, ठिपका सरकतोय. नुसता बाहेर येत नाही, बाजूलाही कलतोय. गज तुमच्या बोटांत फिरतोय, आणि फिरवणारे तुम्ही नाही.

ओढत राहा. श्वास चालू द्या.

ठिपका कडेला आला. मग हळूहळू पार खाली गेला. अर्धी गिरकी झाली. इथे थांबा आणि मोजा. तोंडापासून ठिपक्यापर्यंत ६१ सेंटिमीटर. म्हणजे पुऱ्या गिरकीला १२२. इंचांत सांगायचं तर ४८.

हा या नळीचा पीळ.

अमेरिकेत सेंट लुइसला जेकब आणि सॅम्युअल हॉकन या भावांचं दुकान होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रॉकी पर्वतांकडे निघालेले लोक तिथून रायफली घेत. त्या रायफलींचा पीळही साधारण हाच.

नळी मात्र एक मीटरच्या आसपास आहे. म्हणजे गोळी आत असेपर्यंत तिची एक गिरकीही पुरी होत नाही.

इथे थोडं राहा. एक गिरकीही नाही. आणि त्या अपुऱ्या गिरकीतून जे मिळतं, तेवढ्यावरच पुढचं सगळं अंतर कापायचं असतं.

पुन्हा एकदा गज आत न्या. पुन्हा ओढा. या खेपेला मोजू नका.

हात सैल.

डोळे मिटा. मनाने नळीच्या आत या.

आत नुसता गुळगुळीत अंधार नाही. पेरणीआधी रानात सरी-वरंबा काढलेला असतो, तसे इथे चर आणि उंचवटे आळीपाळीने आहेत. फक्त हे रान नळीच्या आतल्या गोलाईवर गुंडाळलेलं आहे, आणि सऱ्या तिरप्या धावतात.

मनाच्या बोटाने मोजा. सात चर, सात उंचवटे. आकडा विषम, म्हणून प्रत्येक चराच्या बरोबर समोर एक उंचवटा येतो.

चराची खोली पाव मिलिमीटर. नखाला जेमतेम लागावी इतकी.

कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका असतात. रानडुक्कर, माकडं यांच्यासाठी. त्यांची नळी बहुधा आतून सपाट असते, छऱ्यांसाठी. तिच्यात गज ओढला तर तो सरळ येतो. त्या नळीला काही सांगायचं नसतं असं नाही, पण हे नाही.

आपण या पिळाशी राहू.

हे चर कोरणारा हात पाहायचा आहे. त्यासाठी जरा मागे जाऊ.

पेनसिल्व्हेनियातलं लँकेस्टर. अठराव्या शतकातलं एक दुकान. कारागीर जर्मन घरातला. कोळशाचा आणि तेलाचा वास आहे. खिडकीतून दिवसाचा उजेड बाकावर पडलाय.

बाकाच्या एका टोकाला नळी घट्ट बांधलेली आहे. दुसऱ्या टोकाला एक जाड लाकडी दंडगोल, आणि त्याच्या अंगावर वळत गेलेल्या खाचा. दंडगोल पुढे ढकलला की त्या खाचा एका स्थिर दातेरी चौकटीतून जातात, आणि दंडगोलाला वळावंच लागतं. त्याला जोडलेला गजही वळतो. गजाच्या टोकाला, हिकरीच्या लाकडात बसवलेलं, करवतीच्या दोन-चार दातांएवढं पोलादी पातं.

पुढे. मागे.

सर्र. सर्र.

पातं एका खेपेला केसाहून बारीक लोखंड सोलतं. काढलेला कीस पुसायचा, तेल द्यायचं, पुन्हा ढकलायचं. एक चर झाला की दंडगोल एका खाचेने फिरवून दुसरा. सातही चर असे एकेकदा. मग पात्याखाली कागदाची एक पट्टी सरकवायची, म्हणजे ते तेवढंसं वर येतं. आणि पुन्हा पहिल्यापासून.

पुढे. मागे.

तुमचा श्वास या लयीला लागला असेल, तर लागू द्या. नसेल, तरी चालेल.

इथे एक गोष्ट निवांत पाहा. कारागिराचा हात जोर लावतोय, पण पीळ किती द्यायचा हे तो हात ठरवत नाही. ते दंडगोलात आधीच आहे. हाताने फक्त ढकलायचं, ओढायचं, आणि आड यायचं नाही. मला या सगळ्या कामात हेच सर्वांत आवडतं, सांगून टाकतो.

व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला वॉलेस गस्लर यांनी ही पद्धत अलीकडच्या काळात पुन्हा हाताने करून दाखवली. पट्टीचं लोखंड तापवून, वळवून, सांधून नळी करण्यापासून थेट शेवटापर्यंत. त्यावर १९६९चा एक चित्रपट आहे. मिळाला तर आवाज बारीक न करता पाहा.

चर कोरून झाले. आता कारागीर नळीत गजाभोवती वितळलेलं शिसं ओततो.

थांबा. शिसं गार होऊ द्या.

गार झालेला तुकडा त्याच नळीत पुढेमागे सरकतो, कारण त्याच्या अंगावर सातही चरांचा ठसा उमटला आहे. त्याला तेल आणि कुरुंदाची बारीक पूड लावून नळी आतून घासायची. हाताला कळतं, इथे घट्ट, इथे सैल. घट्ट जागी जास्त घासायचं. डोळ्यांचं इथे काही काम नाही.

आणि शेवटी साचा.

दुकानातून रायफल बाहेर पडते तेव्हा तिच्यासोबत तिच्याच मापाचा गोळीचा साचा असतो. शेजारच्याची गोळी हिला चालेलच असं नाही.

आता हात पुढे करा. तळव्यावर एक गोळी ठेवली आहे असं समजा.

शिशाची. निव्वळ, मऊ शिशाची. एवढीशी, पण जड. साडेअकरा ग्रॅम. आधी गार लागते, मग तळव्याची ऊब घेते.

ती ऊब जाऊ द्या तिच्यात.

नखाने दाबली तर खूण पडेल. दाबू नका.

आपल्या नळीचा व्यास, उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंत धरला तर, १२.७ मिलिमीटर. अर्धा इंच. आणि गोळीचा १२.४५. म्हणजे गोळी नळीपेक्षा लहान आहे. तशीच सोडली तर खडखडत तळाशी जाईल. पीळ तिला शिवणारही नाही.

म्हणून कापड.

गादीच्या खोळीचं असतं तसं दाट विणीचं सुती कापड. धुऊन खळ काढलेलं. जाडी ०.३८ मिलिमीटर. चिमटीत धरून पाहा. हीच ती गोष्ट, जिच्यावर सगळं उभं आहे.

गोळी नळीच्या मधोमध धरली तर भोवती उंचवट्यापर्यंत सव्वा दशांश, म्हणजे ०.१२५ मिलिमीटर फट राहते. चराच्या तळापर्यंत त्यात पाव मिलिमीटर वाढतो, ०.३७५ होते. कापड ०.३८ आहे.

सावकाश पुन्हा वाचा.

चरात कापड जसंच्या तसं, अंग न चोरता मावतं. उंचवट्यावर तेच कापड दाबून एक तृतीयांश होतं. एकाच चिंधीत सात जागा मोकळ्या आणि सात जागा आवळलेल्या. त्या आवळलेल्या जागांनी ती गोळीला धरते, आणि मोकळ्या जागांनी नळीला.

गोळी नळीला कधीच शिवत नाही.

यावर थोडं राहा. तोंडापासून तळापर्यंत, तळापासून तोंडापर्यंत, ती नळीला शिवत नाही. पीळ तिला कापडातून कळतो.

आता भरताना कसं असतं ते मनाने पाहू.

दारू आधी गेली आहे, मोजून. नळीच्या तोंडावर चिंधी पसरली आहे, थुंकीने ओली केलेली किंवा मेण-चरबी लावलेली. तिच्यावर गोळी. गोळीला साच्यातून काढताना राहिलेला चपटा डाग वर.

अंगठ्याने दाबा. थोडं जोराने. पहिलं बोटभर अंतर अवघड आहे.

मग गज. दोन हातांनी, थोडं थोडं, वीतभर धरून. एकदम नाही, लाकडी गज मोडतो आणि मोडका गज हातात घुसतो.

खाली. अजून खाली.

हात सैल ठेवता येत नाही इथे, पण अंगठ्याखाली लक्ष ठेवा. जाताना तीही वळतेय. त्याच चालीने, ज्या चालीने मघाशी चिंधी बाहेर आली.

दारूवर टेकली. पुरे. ठेचू नका. मध्ये जागाही सोडू नका, ती धोक्याची असते.

अशी आत गेलेली गोळी जर काढून पाहिली, तर शिशावर कापडाची वीण उमटलेली दिसते. उभा धागा, आडवा धागा. सातदा दाट, सातदा विरळ.

तो ठसा डोळ्यांपुढे आणा. तिथे दोन श्वास.

आणि मग प्रश्न येऊ द्या. गोळीला वळायला का लावायचं?

उत्तराच्या मागे धावू नका. एक दोरी टांगली आहे असं समजा. तिच्यावर पातळ कागद. तिच्यामागे काही पावलांवर दुसरा. मग तिसरा. कागद हलत नाहीत, वारा नाही.

असे कागद बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती अठराव्या शतकाच्या मध्याला टांगतो. त्याच्या बंदुकीची नळी सपाट आहे, पीळ नसलेली. तो ती नळी टोकाकडे डावीकडे किंचित वाकवतो, आणि गोळी झाडतो.

पहिल्या कागदांत भोकं डावीकडे पडतात. तसं व्हायलाच हवं. पण पुढे, दूरवर, गोळी परत वळून उजवीकडे गेलेली असते.

कागदांमधली ती वाट मनाने धरा. डावीकडे. मग सरळ. मग उजवीकडे.

वाकलेल्या नळीच्या उजव्या भिंतीला घासत गोळी बाहेर पडली, आणि त्या घासण्याने तिला एक गिरकी मिळाली. हवेत त्या गिरकीने तिला बाजूला ओढलं. सरळ सपाट नळीतही असंच होतं. शेवटच्या क्षणी गोळी कुठल्या भिंतीला टेकेल ते कुणाला ठाऊक नसतं. गिरकी मिळतेच. फक्त कोणती, ते नशिबावर.

पिळाच्या नळीत गिरकी नशिबावर सोडलेली नाही. एवढाच फरक. अक्ष आपल्या वाटेच्याच दिशेने ठेवलेला, प्रत्येक वेळी तसाच.

(हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन इकडे आला. १७५१ मध्ये, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.)

कागद अजून टांगलेले आहेत. हलत नाहीत.

परत गोळीकडे.

गोल गोळी फार मागत नाही. तिला टोक नाही, बूड नाही. उलटी झाली तरी ती तशीच दिसते. तिला एक संथ, ठरलेली गिरकी पुरते. १२२ सेंटिमीटरांत एक. काही नळ्यांत तर १६८ सेंटिमीटरांत एक, ६६ इंचांत.

संथ म्हणताना जरा अडखळायला होतं. सेकंदाला ४९० मीटरच्या वेगाने ती निघाली, तर १२२ सेंटिमीटरांच्या पिळाने सेकंदाला चारशे गिरक्या होतात. तरी रायफलीच्या जगात हा संथच पीळ. गोलाला तो पुरतो.

आता तळव्यावरची गोळी मनानेच लांबवा. हळूहळू. व्यास तोच, लांबी दुप्पट. पुढे टोक, मागे सपाट बूड.

वजन वाढलं ना? तळव्याला कळू द्या.

हिला वेगळं लागतं. हवा हिच्या टोकाला धरते, आणि हिचं वजन मागे असतं. सोडली तर ती कोलमडून आडवी होईल. कागदावर गोल भोक पडणार नाही, लांबट फाटकं पडेल. हिला सरळ राहायला जास्त गिरकी हवी. म्हणजे पीळ जवळजवळ हवा.

किती जवळ? वूलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिलने १८७९ मध्ये यासाठी एक सोपा अंदाज दिला. गोळीचा व्यास दीडशेने गुणायचा. गोळी स्वतःच्या व्यासाच्या जितकी पट लांब, त्या संख्येने भागायचं.

आपल्या १२.७ मिलिमीटरला लावून पाहा. दुप्पट लांब गोळी, ९५ सेंटिमीटरांत एक गिरकी. तिप्पट लांब, ६३.५ सेंटिमीटरांत.

आकडे लक्षात ठेवायचे नाहीत. फक्त पाहा, गोळी लांबत जाते तसतसा पीळ आवळत जातो. गोळी लांबते, पीळ आवळतो. मनात दोन्ही एकदम होऊ द्या.

आणि उलट? गोल गोळी आवळ पिळाच्या नळीत, वर दारू जास्त? मग कापड तिला धरून ठेवू शकत नाही. ती उंचवटे ओलांडून सरळच निघते. पीळ तिथेच राहतो. ती गेलेली असते.

इथे थांबा. घाई केली की काय होतं याचा विचार मनात येईल. तो येऊन जाऊ द्या. आपण नळीजवळच राहू.

मँचेस्टरच्या कडेला, रशोमला, जोसेफ व्हिटवर्थच्या घराच्या आवारात एक लांब छपरी दालन आहे. लांब म्हणजे पाचशे यार्ड, साडेचारशे मीटरहून अधिक. वारा आत येऊ नये म्हणून बांधलेलं. १८५५. आत ठरावीक अंतरावर पातळ कागद.

पुन्हा कागद. पुन्हा न हलणारे.

हा यंत्रकार माणूस. स्क्रूच्या आट्यांना सबंध इंग्लंडभर एक माप लावणारा. तो वेगवेगळ्या पिळाच्या नळ्या करतो, झाडतो, कागदांवरची भोकं पाहतो, पुन्हा नळी करतो. आणि २० इंचांवर येऊन थांबतो. ५१ सेंटिमीटर. व्यास लहान, साडेअकरा मिलिमीटर, आणि गोळी त्याच्या तिपटीच्या आसपास लांब. ग्रीनहिलचा अंदाज अशा गोळीला वीस-बावीस इंच सांगतो. तो अंदाज यायला अजून वीसेक वर्षं होती.

त्याची नळी आतून गोल नाही, षटकोनी आहे. सहा सपाट भिंती, वळत गेलेल्या. गोळीही षटकोनी, आणि तिच्याही सहा बाजूंना तोच वळसा.

ती गोळी नळीच्या तोंडाशी धरा. ढकलू नका. बाजू बाजूला लागली की ती आपणच शिरते, आणि फिरत फिरत खाली जाते.

हात सैल.

तिला खाली जाताना पाहा. कापड नाही, जोर नाही.

१८६०च्या जुलैत विम्बल्डनच्या माळावर राणी व्हिक्टोरियाने रेशमी दोरी ओढून पहिला बार उडवला तो याच रायफलीचा, चारशे यार्डांवर, निशाणाच्या मध्याला अगदी लागून. लष्कराने मात्र ती स्वीकारली नाही. एवढी अचूक बसणारी गोळी काजळी धरलेल्या नळीत बसत नाही.

काजळी. तिच्याकडे येऊ.

काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून अधिक वस्तू घन रूपात उरते. त्यातली काही धूर होऊन जाते, काही नळीत बसते. चरांत. उंचवट्यांवर. प्रत्येक बारागणिक नळी आतून किंचित लहान होत जाते.

म्हणजे गोळी नळीच्या मापाची करायची, तर कोणत्या नळीच्या? सकाळच्या, की दुपारच्या?

मी म्हणेन, दुपारच्या. पण मध्ये ओली चिंधी फिरवून घ्यायची सवय असेल, तर सकाळची चालते.

इंग्रज फौजेची ब्रुन्सविक रायफल या प्रश्नावर अडली. दोनच खोल चर, आणि गोळीच्या कमरेला एक पट्टा, त्या चरांत बरोबर बसणारा. कागदावर याहून चोख जोडी दिसणार नाही. काजळी धरली की मात्र पट्टा चरात जाईना. सिंधमध्ये जेकबाबाद वसवणारा जॉन जेकब, मुंबईच्या तोफखान्यातला, त्याने चार चर आणि चार पंखांची गोळी केली. तीही हौशी शिकाऱ्यांपलीकडे फार गेली नाही.

मग एक वेगळीच गोळी येते. लांबट, पण नळीहून लहान. सहज खाली जाते, पीळ तिला लागतही नाही. तिचं बूड पोकळ आहे. क्लोद-एत्येन मिन्ये या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी.

दारू पेटते. वायू त्या पोकळीत शिरतो. मऊ शिसं फुलून चरांत बसतं.

जाताना सैल, येताना घट्ट.

हे मनात दोनदा होऊ द्या. जाताना सैल. येताना घट्ट.

या गोळीला चर उथळ हवेत. खोल चरात शिसं फुलून पोचेलच असं नाही, कडेने वायू निसटू शकतो. गोल गोळीच्या कापडाला जे खोल चर हवेत, तेच इथे नकोत. एकाच नळीत दोन्ही चालावं म्हणून १९७० नंतर अमेरिकेत मधल्या पिळाच्या, उथळ चरांच्या रायफली पुष्कळ खपल्या. चालतं. दोन्ही चालतं. पण एखाद्या नळीचं मन एका गोळीवर बसलेलं असणं वेगळं, ते हाताला कळतं.

१८५३ची एनफिल्ड याच फुलणाऱ्या गोळीची. तीन चर. ७८ इंचांत एक गिरकी, आणि नळी ३९ इंच. बरोबर अर्धी गिरकी. ग्रीनहिलच्या हिशेबाने हा पीळ फारच संथ. तरी पोकळ बुडामुळे वजन पुढे गेलेलं असतं आणि गोळी सांभाळून जाते. १८६०च्या आखूड एनफिल्डला पाच चर आणि ४८ इंचांचा पीळ दिला, आणि ती जास्त नेमकी जाऊ लागली.

या एनफिल्डजवळ जरा हळू व्हा.

हिची गोळी कागदी काडतुसातून येते. टोक दाताने फाडायचं, दारू ओतायची, आणि गोळी तिच्या कागदासकट नळीत ढकलायची. कागद इथे कापडाच्या जागी आहे. आणि काजळीतून सरकावा म्हणून त्याला चरबी.

कशाची चरबी?

१८५७च्या सुरुवातीला डमडमला हा प्रश्न शिपायांच्या तोंडी येतो. गाईची, डुकराची. पुढचं सगळं आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्याच साली वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेत निघाले होते, आणि महूजवळ त्यांच्याही कानावर काडतुसांची हकिगत आली.

वाद इथे काढायचा नाही. फक्त तो कागद पाहा. चरबीने किंचित पारदर्शक झालेला. नळी आणि शिसं यांच्या मधल्या फटीत बसणारा. ती फट किती बारीक, आणि तिच्यात काय काय शिरलं.

तीन श्वास. मोजायचे नाहीत.

आता परत आपल्या रायफलीकडे. कापडाच्या, गोल गोळीच्या.

इंडियानात फ्रेंडशिप नावाचं गाव आहे. ठासणीच्या रायफलवाल्यांची १९३३ पासूनची राष्ट्रीय संघटना तिथे जमते. समोर जनावर नाही, माणूस नाही, कागदाचं निशाण आहे. अशा एखाद्या माळावर तुम्ही उभे आहात असं समजा. बार होऊन गेलाय. पांढरा धूर हळूहळू बाजूला सरतोय. गंधकाचा वास.

निशाणाकडे सगळेच पाहतात. तुम्ही जमिनीकडे पाहा.

बार थांबल्याची खूण मिळाली की पुढे या. आठ-दहा पावलं. गवतात चिंध्या पडल्या आहेत. गोळीसोबत बाहेर पडून, तिला सोडून, इथे थांबलेल्या.

एक उचला. तळव्यावर पसरा.

मधोमध गोल काळा डाग, जिथे तिच्यावर जाळ आला. डागाभोवती फिकट रेषा, सात, उंचवट्यांनी दाबलेल्या. कडा थोड्या दशा सुटलेल्या. असं असेल तर मेळ बसलेला आहे. ती चिंधी पुन्हा वापरता येईल इतकी धड असते.

दुसरी उचला. वर्तुळावर लहान लहान चिरा असतील, तर नळीचे उंचवटे धारेचे आहेत. नव्या नळीत होतं हे. बार होत गेले की धार मरते, किंवा बारीक पुडीने घासून मारावी लागते.

तिसरी. उजेडाकडे धरा. मध्यात आरपार भोक, कडा करपलेल्या. म्हणजे फट भरली नव्हती, वायू कापडातून पुढे गेला. पिळाला इथे दोष नाही. दारू तेवढीच राहू द्या. आधी जरा जाड विणीचं कापड घेऊन पाहा. ते अंगठ्याखाली शिरलं आणि तरीही चिंध्या करपूनच आल्या, तर १२.४५ची गोळी या नळीला लहान पडते. १२.५७चा साचा मागवा.